५७६ ओळींचं देणं

साताऱ्यात आमच्या दारी अधूनमधून कुणीतरी येतं आणि विचारतं, "ताई, जुन्या मालिकेची डीव्हीडी आहे, चित्र जरा सुधारून मिळेल का?" मी डीव्हीडी ठेवून घेते, जमेल तेवढं करून देते आणि लोक माझे आभार मानतात. ते आभार खरं तर सांगलीच्या एका माणसाचे आहेत. सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची, मीही अण्णाच म्हणायचे. या कामातली माझी एकही सवय माझी स्वतःची नाही. काही अण्णांनी लावल्या, काही त्या जुन्या मालिकांनी लावल्या, आणि काही अशा माणसांनी लावल्या ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही. हे देणं फिटायचं नाही. निदान ज्याच्या खात्यावर आहे त्याचं नाव तरी लागावं, म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. अण्णांचं दुकान गणपती पेठेजवळच्या एका बोळात होतं. रेडिओ-टीव्ही दुरुस्ती हा मूळ धंदा. पुढे व्हीसीआर भाड्याने देणं आलं, लग्नाचं शूटिंग आलं. पण जीव अडकला होता नाटकात. सांगलीच ती. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते इथं, देवल आणि खाडिलकर इथलेच. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्यालाही ते लवकरच दिसू लागलं, आमच्याकडे मात्र बराच काळ मुंग्याच जास्त दिसायच्या. अण्णांनी त्यावर उपाय काढला. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे कोऱ्या कॅसेटी देऊन ठेवल्या. टीव्हीवर नाटक लागलं, 'गजरा' लागला, नवी मालिका आली की तिकडे रेकॉर्ड व्हायची आणि एसटीच्या पार्सलातून नाहीतर कुणाच्या तरी पिशवीतून सांगलीला यायची. रणजित देसाईंच्या कादंबरीवरची 'स्वामी' मी अशीच पाहिली. गजानन जागीरदारांचं दिग्दर्शन, रवींद्र मंकणींचे माधवराव आणि मृणाल देव यांची रमाबाई. अण्णांच्या दुकानातल्या स्टुलावर बसून, पुढ्यात सोल्डरिंगचा वास घेत.

त्याच स्टुलावर मी शाळकरी वयात विचारलं होतं, टीव्हीत चित्र येतं कसं? अण्णांनी माझ्या दप्तरातली एकरेघी वही काढली. पहिली, तिसरी, पाचवी अशा ओळींवर निळ्या पेनाने रेघा ओढल्या. मग मधल्या दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळींवर तांबड्या पेन्सिलीने. म्हणाले, "आधी निळ्या ओळी येतात, मग तांबड्या. सेकंदाला पन्नास वेळा हा फेरा. दोन्ही मिळून एक चित्र. आपल्याकडं ओळी ६२५, त्यातल्या चित्राच्या ५७६." मला ते कोडं सुटल्याचा आनंद झाला आणि तिथंच विषय संपला. या ओळींवर पुढे माझं पोट चालणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

लग्न होऊन मी साताऱ्याला आले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी घरातच दोन संगणकांवर क्लास सुरू केला. टायपिंग आणि अकाउंटचं सॉफ्टवेअर शिकवता शिकवता लोक विचारू लागले, लग्नाच्या कॅसेटची सीडी करून देता का? व्हीसीआर होता, संगणक होता, मधे बसवायला स्वस्तातलं टीव्ही ट्यूनर कार्ड मिळालं. पिवळी पिन लावली की चित्र आत. त्याची व्हीसीडी केली की काम झालं. गिऱ्हाईक खूश, मी खूश. शार्पनेस थोडा वाढवला, रंग थोडे चढवले की लोकांना जास्तच आवडायचं. चांगलं चित्र म्हणजे ठसठशीत चित्र, अशी माझी पक्की समजूत झाली होती. या धंद्यात शिकण्यासारखं काही आहे असं मला वाटतच नव्हतं.

एकदा माहेरी गेले तेव्हा अण्णांकडून काही कॅसेटी मागून आणल्या. दूरदर्शनवर लागलेल्या एका संगीत नाटकाची कॅसेट त्यात होती. साताऱ्याला येऊन मी त्यांच्या व्हीसीडी केल्या आणि पुढच्या खेपेला अभिमानाने अण्णांच्या हातात ठेवल्या. त्यांनी ती नाटकाची सीडी लावली. नायिका रंगमंचावर एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली, तेवढंच पाहिलं आणि थांबवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तांबड्या ओळी कुठं गेल्या गं?"

मला काही कळेना. मग त्यांनी समजावलं. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. म्हणजे ५७६ पैकी २८८ ओळीच ठेवायच्या, उरलेल्या सोडून द्यायच्या. मी निळ्या ठेवल्या होत्या आणि तांबड्या टाकल्या होत्या. तपशील तर गेलाच, शिवाय हालचालही निम्मी झाली, कारण निळ्या आणि तांबड्या ओळी एका क्षणाच्या नसतात. त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. म्हणून ती नायिका चालण्याऐवजी टप्प्याटप्प्याने सरकल्यासारखी दिसत होती. हे सगळं माझ्या स्वतःच्या वहीत लहानपणी लिहिलेलं होतं. मी ते ओळखलं नव्हतं. अण्णा रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "मूळ कॅसेट आहे ना जागेवर? मग झालं. परत करू." ती मी त्यांना परत दिली आणि ती कपाटात तिच्या जागी गेली.

तिथून माझं खरं शिक्षण सुरू झालं. सातारा-सांगली एसटीचा रस्ता, वाटेत कऱ्हाड, आणि पिशवीत कॅसेटी. अण्णा वर्ग घेत नसत. समोर बसवत आणि हातात काम देत. पहिलं काम बुरशीचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या कॅसेटला पांढरी बुरशी धरते. खिडकीतून पाहिलं की फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पिठासारखे डाग दिसतात. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. म्हणून आधी स्क्रू काढून कॅसेट उघडायची, फीत साफ करायची, बुरशीवाल्या कॅसेटींसाठी व्हीसीआरच वेगळा ठेवायचा. हेड साफ करताना शामॉय चामड्याचा तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून स्थिर धरायचा आणि हेडचा ड्रम बोटाने आडवा फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचा टवका उडतो. अण्णांचा हात त्या ड्रमवर इतका हलका असायचा की बघत बसावं.

दुसरा धडा पिनेचा. पिवळ्या पिनेतून उजेड आणि रंग एकाच तारेत कोंबून येतात. संगणकाला ते पुन्हा वेगळे करावे लागतात आणि त्या झटापटीत काठापदरावर इंद्रधनुष्यं उमटतात, अक्षरांच्या कडेला ठिपके रांगतात. एस-व्हिडिओची पिन असलेला व्हीसीआर मिळाला तर हे दोन्ही वेगवेगळ्या तारांतून येतात. तिसरा धडा थरथरीचा. जुन्या फितीवरची प्रत्येक ओळ ठरल्या वेळेला सुरू होत नाही, एखादी पुढे, एखादी मागे. म्हणून उभा खांब नागमोडी दिसतो. त्या ओळी सरळ रांगेत लावणारं उपकरण म्हणजे टाइम बेस करेक्टर. स्टुडिओतलं ते यंत्र आम्हाला परवडणारं नव्हतं. पण काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता आतबाहेर नेला तरी ओळी बऱ्याच सरळ होतात. रेकॉर्ड करायचं नाही, फक्त पार करायचं. अण्णांनी असा एक रेकॉर्डर जुन्या बाजारातून मिळवला होता. त्यातून आलेला खांब पहिल्यांदा ताठ उभा राहिलेला पाहिला, तेव्हा मला कळलं की चित्र सुधारण्याचं निम्मं काम संगणकाच्या अलीकडेच असतं.

चौथी गोष्ट मी अजून करते. महत्त्वाची कॅसेट तीनदा चालवायची आणि तिन्ही वेळा उतरवून घ्यायची. मग तिन्ही चित्रं एकावर एक ठेवून ताडायची. जे तिन्ही वेळा दिसलं ते फितीवर आहे, जे एकदाच चमकून गेलं तो चालवण्यातला दोष. फितीचा मुलामाच उडाला असेल तर तो डाग तिन्ही वेळा येतो, त्याला इलाज नाही. पण पुष्कळसे पांढरे ओरखडे या एवढ्याने जातात आणि मूळ चित्राला कुठेही हात लावावा लागत नाही.

दरम्यान बाजारात डीव्हीडी आली. २००७ च्या सुमाराला मोझर बेअरने ३४ रुपयांत डीव्हीडी आणली आणि साताऱ्याच्या फुटपाथवरही चकत्यांचे ढीग लागले. जुन्या मालिकांचे संच निघाले. एका निवृत्त शिक्षकांनी असाच एक संच माझ्याकडे आणला. नवा फ्लॅट टीव्ही घेतला होता आणि म्हणत होते, "जुन्या डबड्या टीव्हीवर बरं दिसायचं, या महागड्यावर बघवत नाही. डीव्हीडी खराब आहे का टीव्ही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी डीव्हीडी घेऊन सांगलीला गेले.

अण्णांनी आधी हिशेब मांडायला लावला. एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. दोन तासांचा मजकूर ठेवला तर सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्र स्वच्छ राहतं. त्याच चकतीत सहा तास कोंबले तर आवाजासकट पावणेदोन मेगाबिटच उरतात. मग अंधाऱ्या प्रसंगात चौकोनी ठोकळे दिसणारच. शिक्षकांच्या संचात एका चकतीवर भाग ठासून भरले होते. दुसरा दोष त्याहून खोल होता. आपलं दूरदर्शन पाल पद्धतीचं, सेकंदाला २५ चित्रं. आणि आपल्या बाजारातल्या कित्येक डीव्हीडी एनटीएससी पद्धतीच्या, सेकंदाला जवळजवळ ३० चित्रं, ओळी ४८०. पंचविसाची तीस करताना शेजारशेजारची दोन चित्रं एकमेकांत मिसळून मधली चित्रं तयार केलेली असतात. म्हणून माणूस हात हलवतो तेव्हा दोन हात दिसतात. मिसळलेलं दूध-पाणी पुन्हा वेगळं करण्यासारखंच ते काम. थोडंफार जमतं, पूर्ण कधीच नाही.

आणि टीव्हीचा प्रश्न? त्याचं उत्तर पुन्हा त्या वहीत होतं. जुना काचेच्या नळीचा टीव्ही निळ्या-तांबड्या ओळी एकाआड एकच रंगवायचा, जशा त्या कॅमेऱ्यातून आल्या तशा. नवा टीव्ही सगळ्या ओळी एकदम दाखवतो. दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकत्र आल्या की हलत्या वस्तूच्या कडेला फणीचे दात दिसतात. ते जुळवण्याचं काम टीव्ही किंवा प्लेअर घाईघाईने करतो आणि चित्र बिघडतं. हे काम संगणकावर सावकाश केलं, प्रत्येक अर्ध्या चित्रातून शेजारच्या क्षणांच्या मदतीने पूर्ण चित्र उभं केलं, सेकंदाला पन्नासच्या पन्नास ठेवली, तर जुनी मालिका नव्या टीव्हीवर पुन्हा जिवंत चालू लागते.

इथं अण्णांचं ज्ञान संपत होतं आणि त्यांनी तसं मोकळेपणी सांगितलं. "पुढचं तू शिक आणि मला सांग." पुढचं ज्यांच्याकडून शिकले त्यांचं ऋणही इथं नोंदवलं पाहिजे. ॲव्हरी ली यांनी व्हर्च्युअलडब हा प्रोग्रॅम फुकट दिला. बेन रुडियाक-गुल्ड यांनी २००० साली ॲव्हिसिंथ सुरू केलं, त्यात चित्रावर काय करायचं ते आज्ञा लिहून सांगता येतं. ओळी जुळवण्यासाठी मी जी पद्धत वापरते ती क्यूटीजीएमसी, आणि ती रचणारी माणसं तर नुसत्या टोपणनावांनी वावरत होती. ही माणसं कुठल्या देशात, कोणत्या घरात बसून हे लिहीत होती मला माहीत नाही. त्यांच्या कष्टावर साताऱ्यातल्या एका बाईचा संसार चालला, हे त्यांच्याही गावी नसेल.

शिक्षकांचा संच झाला तेव्हा पैसे घेताना मला संकोच वाटला, कारण निम्मी सुधारणा फुकटात होण्यासारखी होती. त्यांच्या घरी जाऊन पाहिलं तर प्लेअर पिवळ्या पिनेवर होता, चौकोनी चित्र रुंद ताणून सगळी पात्रं जाड केलेली होती, रंग 'व्हिव्हिड'वर आणि शार्पनेस शेवटच्या टोकाला. तार बदलली, चित्र ४:३ केलं, 'मूव्ही' मोड लावला, शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणला. शिक्षक म्हणाले, "हे तर असंच चांगलं दिसतंय." ठसठशीत म्हणजे चांगलं, ही माझी जुनी समजूत त्या दिवशी माझ्या मनातून पुरती उतरली. शार्पनेसने तपशील वाढत नाही, कडेला पांढरी रेघ तेवढी उमटते आणि ठोकळे जास्त उठून दिसतात.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. गावभाग पाण्याखाली होता, अण्णांचं दुकानही. अण्णा थकले होते, माणसं सुखरूप होती. पाणी ओसरल्यावर मी पोहोचले तेव्हा कॅसेटींचं कपाट चिखलाने भरलेलं होतं. घरच्यांनी काही कॅसेटी उन्हात वाळत घातल्या होत्या. अण्णांनी खुर्चीतूनच सांगितलं, "उन्हात नको. वाळवू नका. ओल्याच ठेवा." चिखल फितीवर वाळला की सिमेंटसारखा बसतो आणि सोडवताना मुलामा घेऊन जातो. म्हणून आधी स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायच्या, मग एकेक उघडून डिस्टिल्ड पाण्याने धुवायच्या आणि सावलीत वाऱ्यावर सुकवायच्या. आम्ही बादल्या मांडल्या. शेजारची पोरं मदतीला आली. डीव्हीडी धुवून मधून बाहेरच्या कडेकडे मऊ कापडाने पुसल्या. त्या बहुतेक वाचल्या. कॅसेटी पुष्कळ वाचल्या, काही गेल्या.

गेलेल्यांत ती संगीत नाटकाची कॅसेट होती. 'परत करू' म्हणता म्हणता ती पुन्हा उतरवून घ्यायची राहूनच गेली होती. 'स्वामी'सारख्या मालिका ज्या त्या संस्थेच्या संग्रहात असतात. पण टीव्हीवर लागलेलं ते नाटक आमच्या माहितीत आणखी कुणाकडे नव्हतं. त्याची उरलेली एकमेव प्रत म्हणजे मी केलेली व्हीसीडी, २८८ ओळींची, रंग चढवलेली, शार्पनेस वाढवलेली. मला तोंड वर करवेना. अण्णा म्हणाले, "काही नसण्यापेक्षा निम्मं बरं. ती केली नसतीस तर आज काय असतं? आता त्यातनं जेवढं निघतंय तेवढं काढ."

त्या व्हीसीडीवर मी जेवढी खपले तेवढी कशावरच नाही. चढवलेले रंग उतरवले. कडेच्या पांढऱ्या रेघा जमतील तेवढ्या कमी केल्या. ठोकळ्यांच्या सीमा हलक्या केल्या. चित्रातली मुंग्यांसारखी कलकल काढताना शेजारची चित्रं ताडून पाहिली, कारण कलकल दर चित्रात बदलते आणि चेहरा बदलत नाही. पण गेलेल्या ओळी गेल्याच होत्या. मग लॉकडाऊन आला. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनवर 'रामायण' पुन्हा लागलं. घरोघरी जुन्या मालिका निघाल्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने जुनं चित्र 'फोर के' करून देणारी सॉफ्टवेअर लोकांच्या तोंडी आली. मीही एक घेतलं आणि ती व्हीसीडी त्यातून काढली.

निकाल पाहून मी थक्क झाले. नायिकेच्या पापण्या दिसू लागल्या. शालूचा काठ उलगडला. व्हीसीडीत तिची नथ म्हणजे एक पांढरा ठिपका होता, आता त्यात मोती दिसत होते, एकेक वेगळा. मला वाटलं, तांबड्या ओळी परत आल्या. प्रवास सुरू झाल्यावर मी ते घेऊन सांगलीला गेले. अण्णांची नजर अधू झाली होती. टीव्हीच्या अगदी जवळ खुर्ची ओढून त्यांनी पाहिलं आणि विचारलं, "हे मोती कुणी घातले?"

मी म्हटलं, सॉफ्टवेअरने. ते म्हणाले, "त्याने ती नथ पाहिली होती का?" सॉफ्टवेअरने लाखो दुसरी चित्रं पाहिलेली असतात. पांढऱ्या ठिपक्याच्या जागी बहुधा काय असेल याचा ते अंदाज बांधतं. अंदाज सुरेख असतो, पण ती नथ त्या नटीच्या नाकातली नसते. अण्णांचा विरोध यंत्राला नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, "घाल मोती, पण घातलेत म्हणून लिही. आणि ठिपका होता तो ठिपकाही ठेव." त्या दिवसापासून मी प्रत्येक कामाच्या दोन प्रती करते. एक नुसती स्वच्छ केलेली, एक बघायला बरी केलेली. दोन्हींच्या वेष्टनात चिठ्ठी असते. मूळ काय होतं, काय काढलं, काय घातलं.

ठिपका का ठेवायचा, याचं उत्तर मला पुढे इंग्लंडच्या एका उदाहरणात सापडलं. बीबीसीने टेप महाग म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतल्या कित्येक कार्यक्रमांवर दुसरे कार्यक्रम रेकॉर्ड केले. 'डॅड्स आर्मी' या लोकप्रिय विनोदी मालिकेच्या एका रंगीत भागाची फक्त कृष्णधवल फिल्म उरली होती. त्या फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी होती. कुणालाही तो दोष वाटला असता आणि माझ्यासारखीने तर तो आधी साफ केला असता. बीबीसीतल्या जेम्स इन्सेल यांना मात्र उमगलं की ते ठिपके म्हणजे मूळ रंगाचाच माग आहे. फिल्म बारकाईने स्कॅन करून, त्या ठिपक्यांवरून हिशेब करून, तो भाग २००८ साली पुन्हा रंगीत दाखवला गेला. आधीच्या कुणी त्या फिल्मला 'सुधारलं' असतं तर रंग कायमचे गेले असते. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ हसत होते. मग म्हणाले, "बघ की. कचरा म्हणायच्या आधी विचारावं त्याला, बाबा तू कोण?"

अण्णा आता नाहीत. त्यांचा एस-व्हिडिओवाला व्हीसीआर आणि तो डीव्हीडी रेकॉर्डर त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे सोपवला. दोन्ही साताऱ्यात चालू स्थितीत आहेत. मी संगणकवाली म्हणून या कामात आले, माझ्याकडे नवं यंत्र आणि त्यांच्याकडे जुनं, असा एक ताठा सुरुवातीला मनात होता. तो त्यांनी न बोलता उतरवला. चित्रात काय घालावं हे मला कुठल्याही सॉफ्टवेअरने शिकवलं असतं. कुठे थांबावं हे त्यांनी शिकवलं. धंद्यात याचा तोटाही होतो. 'अजून चकाचक करा' म्हणणारी गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. पण मी दिलेल्या चकतीतलं चित्र कुणाचं आहे हे मला छातीठोक सांगता येतं, आणि ती सोय मला अण्णांमुळे मिळाली.

वाचणाऱ्यांना एकच विनंती आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. नवा व्हीसीआर आता कुठेच तयार होत नाही आणि चालू असलेले दरवर्षी कमी होत आहेत. तुमच्या कपाटात टीव्हीवरून उतरवलेलं एखादं नाटक, एखादी मालिका, एखाद्या कलावंताची मुलाखत असेल तर पुढच्या पावसाळ्याआधी ती बाहेर काढा. बुरशी दिसली तर चालवून पाहू नका, जाणकाराकडे न्या. उतरवून घेताना पूर्ण ५७६ ओळींनी घ्या, एका चकतीत फार कोंबू नका, दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरी ठेवा. सुधारायची घाई नाही, ते पुढची पिढी आपल्याहून चांगलं करील. आणि डीव्हीडी कितीही सुंदर झाली तरी मूळ कॅसेट टाकून देऊ नका.